मंत्री नव्हते, मतदान नव्हतं, तरी सरकारला हिशोब मागणारे पुण्याचे मास्तर : गोपाळ कृष्ण गोखले

विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं की दिवसाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. समजा मावळ तालुक्यातल्या आंबी गावाचा प्रश्न आहे. तळेगाव एमआयडीसीला लागून असलेलं हे गाव. तिथल्या एखाद्या रस्त्याचं काम रखडलं, तर आमदार तारांकित प्रश्न टाकतात. संबंधित खात्याच्या मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर उपप्रश्न येतो. तरीही पटलं नाही तर लक्षवेधी, मग गोंधळ, मग सभात्याग. हे सगळं आपण टीव्हीवर आणि आता रील्समध्ये इतक्या वेळा पाहिलंय, की त्यात काही विशेष वाटत नाही.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच पुणे जिल्ह्याच्या वतीने सरकारला प्रश्न विचारायचे असतील, तर परिस्थिती वेगळी होती. लोकांना उत्तर द्यायला बांधलेला मंत्री नावाचा प्राणीच अस्तित्वात नव्हता. उत्तरावर उपप्रश्न विचारायला बंदी होती. बजेटवर भाषण करता यायचं, पण मतदान नसायचं. आणि समोर कायम सरकारी अधिकाऱ्यांचं बहुमत.

अशा सभागृहात एक गणिताचे मास्तर उभे राहिले आणि सरकारचेच आकडे सरकारसमोर मांडायला लागले. त्यांचं नाव गोपाळ कृष्ण गोखले.

शाळेत आपल्याला गोखले दोन ओळींत शिकवतात. मवाळ नेते आणि गांधीजींचे राजकीय गुरू. पण सभागृहात सरकारला कसं धरायचं, याचा पाठ ज्यांनी घालून दिला, त्या गोखल्यांची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आज तीच बघू.

पंधरा रुपयांतले आठ रुपये

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा. गाव कोतळूक, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात. वडील कृष्णराव नोकरीसाठी कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात गेले होते. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून १५ रुपये महिन्याची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली. कोल्हापुरात गोपाळ स्वतःच्या हाताने स्वयंपाक करायचा आणि दिव्याचं तेल वाचवायला रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास करायचा, असं सांगितलं जातं.

१८८१ मध्ये मॅट्रिक, मग कोल्हापूरचं राजाराम, पुण्याचं डेक्कन आणि मुंबईचं एल्फिन्स्टन अशी कॉलेजं करत १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. तेव्हा बी. ए. झालेल्या पोराला सरकारी नोकरी सहज मिळायची. भावाचे उपकार फेडायचे तर तोच सरळ रस्ता होता. पण गोखले १८८५ मध्ये पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपये पगारावर मास्तर झाले. पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले आणि मग फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला लागले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्याला येईल तो. त्यांचं अंकगणिताचं पाठ्यपुस्तक कितीतरी वर्षं शाळांमध्ये चाललं.

रानड्यांची तालीम

याच काळात त्यांची गाठ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी पडली आणि खरी तालीम सुरू झाली.

रानड्यांची पद्धत साधी पण दमवणारी होती. सरकारी अहवाल वाचायचे. जमीन महसूल, दुष्काळ, रेल्वे, लष्कराचा खर्च, मीठ, दारू, शिक्षण, प्रत्येक खात्याचे तक्ते समोर घ्यायचे. त्यावर टिपण लिहायचं. रानडे ते तपासणार, खोडणार, पुन्हा लिहायला लावणार. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम गोखल्यांकडे आलं ते याच तालमीचा भाग म्हणून. आगरकरांच्या ‘सुधारक’मध्येही त्यांनी इंग्रजी बाजू सांभाळली.

यातून एक गोष्ट त्यांच्या अंगात मुरली. सरकारवर टीका करायची तर कागद सरकारचाच असला पाहिजे, म्हणजे सरकारला तो नाकारता येत नाही.

१८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले. हिंदुस्थानच्या तिजोरीतला पैसा कुठे आणि किती खर्च होतो, हे तपासायला हा आयोग नेमला होता. मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी उलटतपासणी घेतली, पण तिशीतल्या गोखल्यांनी आकड्यांवरची पकड सोडली नाही. त्यांचं नाव झालं.

आणि त्याच लंडनमध्ये त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूकही झाली.

पुराव्याशिवाय केलेला आरोप

पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता. रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसून तपासणी करत होते. पुण्याहून येणाऱ्या पत्रांत अत्याचारांच्या बातम्या होत्या. त्यावर विसंबून गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियन या इंग्रजी वृत्तपत्राला माहिती दिली, की सोल्जरांनी दोन बायकांवर अत्याचार केला आणि त्यातल्या एकीने जीव दिला.

विलायतेत खळबळ माजली. सरकारने पुरावा मागितला. तोवर २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या होत्या आणि पुण्यात धरपकड सुरू होती. गोखले मुंबईला परतले तर पोलीस कमिशनर बोटीवरच हजर. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणी पुढे येऊन साक्ष द्यायला तयार होईना. त्यांची नावं सांगणं म्हणजे त्यांना संकटात टाकणं.

गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली.

पुण्यात त्यांची छीःथू झाली. भित्रा म्हणून हेटाळणी झाली. लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेलेले आणि इकडे गोखल्यांनी सरकारची माफी मागितलेली, ही तुलना लोकांच्या डोळ्यांसमोर होती. ती त्यांना आयुष्यभर चिकटली. त्या काळात त्यांनी प्लेगग्रस्तांसाठी स्वयंसेवक म्हणून काम केलं, पण डाग पुसला गेला नाही.

या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. पण सभागृहातल्या गोखल्यांची एक सवय नजरेत भरते, ती म्हणजे कागदाचा आधार असल्याशिवाय ते आरोप करत नसत.

प्रश्न विचारा, पण वाद घालू नका

आता ते सभागृह कसं होतं ते बघू, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

१८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सभासदांना दोन नव्या गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे बजेटवर बोलणं आणि दुसरी म्हणजे सरकारला प्रश्न विचारणं. पण अटी बघा. प्रश्न सहा दिवस आधी लेखी द्यायचा. त्यात फक्त माहिती मागायची, मतप्रदर्शन नको. अध्यक्षांना वाटलं तर ते प्रश्न फेटाळू शकत. आणि उत्तर आलं की विषय संपला, त्यावर चर्चा नाही. निवडणूक हा शब्दसुद्धा कायद्यात नव्हता. स्थानिक संस्थांनी नाव सुचवायचं आणि गव्हर्नरने नेमणूक करायची.

मुंबईच्या कायदेमंडळात मध्य विभागातून आधी टिळक गेले होते. १८९९ मध्ये गोखले गेले. या मध्य विभागात खानदेश, नाशिक, नगर, पुणे, सातारा, सोलापूर हे जिल्हे यायचे. म्हणजे मावळ तालुकाही त्यातच. अर्थात मावळातल्या शेतकऱ्याला मत देण्याचा अधिकार नव्हता. पण त्याच्या वतीने बोलणारा कुणीतरी तिथे बसला होता, एवढं खरं.

ते गेले तेच मोठ्या दुष्काळाच्या वर्षात. १८९९-१९०० चा हा दुष्काळ जुन्या लोकांच्या तोंडी छप्पनचा दुष्काळ म्हणून राहिला. सरकारने दुष्काळी कामं काढली होती, पण मजुरी मोजून दिलेल्या कामावर होती. ठरलेलं काम झालं नाही की मजुरी कापली जायची. उपाशी माणसाच्या अंगात काम पूर्ण करायचं बळ कुठून येणार, हा साधा मुद्दा गोखल्यांनी नियमांचा आधार घेऊन मांडला.

सातबाऱ्यावरची नवी शर्त

१९०१ मध्ये सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकला म्हणून सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण ती विकायचा किंवा गहाण टाकायचा हक्क न देता. सावकारांपासून शेतकऱ्याला वाचवायचं, असं सरकारचं म्हणणं होतं.

ऐकायला चांगलं वाटतं ना? गोखल्यांचा आक्षेप वेगळा होता. जमीन तारण ठेवता आली नाही तर शेतकऱ्याला बियाणं आणि बैलांसाठी कर्ज देणार कोण? सावकाराचा रस्ता बंद करायचा तर आधी कर्जाची दुसरी सोय उभी करा. शिवाय सलग दुष्काळ पडलेले असताना सारा थकणार हे उघड होतं. मग सगळ्या जमिनी या नव्या शर्तीखाली जाणार.

सरकारकडे बहुमत होतं. फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृहातून उठून बाहेर गेले. आज सभात्याग रोजचा झालाय. पण गव्हर्नर अध्यक्षस्थानी बसलेला असताना सभासदांनी उठून जाणं, ही तेव्हा भयंकर मोठी गोष्ट होती.

विधेयक मंजूर झालंच. जमिनीच्या व्यवहारात तुम्ही ‘नवीन शर्त’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ हे शब्द ऐकले असतील. परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीची ही कल्पना आपल्याकडच्या कायद्यात आली ती १९०१ च्या याच दुरुस्तीतून. पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, तेव्हा गोखले वरच्या कायदेमंडळात होते आणि त्यावरच्या चर्चेतही ते बोलले. कर्जाची पर्यायी सोय हा त्यांचा जुनाच मुद्दा होता.

शेरामागे एक आणा

१९०१ च्या शेवटी फिरोजशहा मेहता व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातून बाजूला झाले आणि त्यांच्या जागी गोखले गेले. सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या अख्ख्या मुंबई इलाख्याच्या वतीने तिथे एकच निवडलेली जागा होती. बैठका कलकत्त्याला, अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन.

२६ मार्च १९०२ ला गोखल्यांनी तिथे पहिलं बजेट भाषण केलं. सरकार खुशीत होतं, कारण तिजोरीत शिल्लक पडत होती. बाकीचे सभासद अभिनंदन करून खाली बसत होते. गोखल्यांनी विचारलं ते वेगळंच. देशात दुष्काळ आणि प्लेग असताना तिजोरीत शिल्लक पडतेच कशी?

उत्तरही त्यांनीच मांडलं. सरकारला विलायतेला पाठवायचा खर्च पौंडांत द्यावा लागायचा. रुपया घसरला तेव्हा जास्त रुपये लागायला लागले आणि ती तूट भरायला कर वाढवले. नंतर रुपयाचा भाव १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर आला. सरकारचा खर्च कमी झाला, पण वाढवलेले कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक लोकांच्या भरभराटीतून आलेली नाही, ती जादा वसुलीतून आलेली आहे.

यात सगळ्यात बोचणारा कर मिठावरचा. मणाला अडीच रुपये. हिशोब करून बघा. अडीच रुपये म्हणजे ४० आणे आणि एक मण म्हणजे ४० शेर. म्हणजे शेरामागे एक आणा नुसता कर. श्रीमंत आणि गरीब दोघांनाही मीठ सारखंच लागतं, त्यामुळे गरिबाला तो जास्त लागायचा. गोखल्यांनी मिठाचा कर कमी करा, लहान उत्पन्नावरचा प्राप्तिकर काढा आणि शिक्षणावरचा खर्च वाढवा अशा मागण्या लावून धरल्या. आणि त्या दर वर्षी पुन्हा मांडल्या.

निकाल काय लागला? १९०३ मध्ये मिठावरचा कर अडीचचा दोन रुपये झाला. त्याच वर्षी प्राप्तिकराची सूट ५०० वरून १००० रुपये उत्पन्नापर्यंत वाढली. १९०५ मध्ये मीठकर दीड रुपया झाला आणि १९०७ मध्ये एक रुपया. पाच वर्षांत अडीचचा एक. याचं सगळं श्रेय एकट्या गोखल्यांना देता येणार नाही. पण एकही मत न टाकता येणाऱ्या सभागृहात ही मागणी जिवंत ठेवली, हे मात्र त्यांचंच काम.

पुढे त्यांचं बजेट भाषण ही दरवर्षीची घटना बनली. अधिकारी आधीपासून उत्तरं तयार ठेवायला लागले.

दोन्हीकडून टीका

या काळात गोखल्यांनी आणखीही बरंच केलं. १२ जून १९०५ ला पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळलं. लंडनला जाऊन भारतमंत्री मोर्लेंना वारंवार भेटले.

पण जहालांना हे पटत नव्हतं. ज्या सरकारला आपण जायला सांगतोय, त्याच्याच सभागृहात आकडेमोड करून काय होणार, असा त्यांचा सवाल होता. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. त्यांचा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. बंगालच्या फाळणीवर किंवा दडपशाहीच्या कायद्यांवर गोखल्यांच्या भाषणांनी सरकार हललं नाही. १९१० चा प्रेस अ‍ॅक्ट आला तेव्हा तर त्यांनी ठाम विरोध केला नाही, आणि ही त्यांच्या कारकिर्दीतली कमजोर बाजू मानली जाते.

दुसरीकडे गोऱ्या अधिकाऱ्यांनाही ते अडचणीचे वाटायचे. आरडाओरडा करणाऱ्याला गप्प करता येतं. सरकारी अहवालाचं पान उघडून बोलणाऱ्याला कसं गप्प करणार?

उपप्रश्न आला आणि ठरावही आला

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी नियम थोडे सैल केले. प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारता यायला लागला. सार्वजनिक विषयावर ठराव मांडून त्यावर मतदान घेता यायला लागलं. आज सभागृहात जो उपप्रश्न मंत्र्यांना घाम फोडतो, त्याला कायदेशीर जागा इथे मिळाली.

गोखल्यांनी ती लगेच वापरली. २५ फेब्रुवारी १९१० ला त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये करारावर मजूर पाठवणं बंद करावं, असा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळला मजूर पाठवणं थांबलं.

मग आला त्यांचा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, शिक्षण. मार्च १९१० मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करा, असा ठराव आणला. सरकारने विचार करतो म्हटल्यावर मागे घेतला. त्याच वर्षी भारत सरकारात शिक्षणाचं वेगळं खातं उघडलं. पण सक्तीचं नाव नाही. म्हणून १६ मार्च १९११ ला त्यांनी स्वतःच विधेयक आणलं.

विधेयक फार सावध होतं. ६ ते १० वर्षांच्या मुलांसाठी. तेही सगळीकडे एकदम नाही. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात, तिथल्या नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने सरकारच्या परवानगीने सक्ती लागू करायची. मुलींचं नंतर बघायचं. गरीब पालकांना फी माफ. खर्चाचे दोन हिस्से सरकारने द्यायचे आणि एक स्थानिक संस्थेने.

तेव्हा देशात साक्षरतेचं प्रमाण होतं सहा टक्क्यांच्या आसपास. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचं शिक्षण लागू करून दाखवलं होतं. एका संस्थानाला जमतं ते इंग्रज सरकारला का जमू नये, हा गोखल्यांचा बिनतोड मुद्दा होता.

सरकारच्या शिक्षण खात्याचे प्रमुख हारकोर्ट बटलर यांनी विरोध केला. लोकांची मागणी नाही, पैसा नाही, प्रांतांची तयारी नाही, अशी कारणं आली. काही जमीनदार सभासदांनीही विरोध केला. पोरं शाळेत गेली तर शेतावर कोण राबणार, ही भीती होतीच. तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना मात्र गोखल्यांच्या बाजूने उभे राहिले.

मार्च १९१२ मध्ये मतदान झालं. बाजूने १३, विरोधात ३८. विधेयक पडलं.

विधेयक पडणार हे गोखल्यांना आधीच माहीत होतं आणि त्यांनी ते सभागृहात बोलूनही दाखवलं होतं. पण तिथे झालेली प्रत्येक चर्चा छापली जायची. कुणी विरोध केला आणि का केला, हे कायमचं नोंदलं गेलं. १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकातून मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्ती लागू करायचा अधिकार मिळाला. आणि देशभर ६ ते १४ वयाच्या मुलांचा शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० ला. गोखल्यांच्या ठरावाला तेव्हा बरोबर १०० वर्षं झाली होती.

टिळक सिंहगडावरून आले

गोखल्यांना मधुमेह होता आणि कामाने शरीर पोखरलं होतं. १९१२ मध्ये गांधीजींच्या लढ्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले. सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या इस्लिंग्टन आयोगावर काम केलं. १९१४ मध्ये सरकारने देऊ केलेली ‘सर’ ही पदवी त्यांनी नाकारली.

१९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय फक्त ४८. ज्यांच्याशी आयुष्यभर मतभेद राहिले ते टिळक बातमी कळताच सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात त्यांनी गोखल्यांना आदरांजली वाहिली. त्यांच्यासारखं काम करा, असं त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं.

लोकांनी निवडलेल्यांमधून मंत्री नेमायची सुरुवात त्यानंतर सहा वर्षांनी, १९२१ मध्ये झाली. गोखल्यांना मंत्र्याला प्रश्न विचारायची संधी कधी मिळालीच नाही. आज आमदारांकडे ती आहे. तारांकित प्रश्न आहे, उपप्रश्न आहे, लक्षवेधी आहे, मतदानही आहे. कामकाज मोबाइलवर लाइव्ह बघता येतं आणि छापील नोंदीही राहतात.

त्यामुळे पुढच्या अधिवेशनात तुमच्या गावच्या रस्त्याचा, पाण्याचा किंवा शाळेचा प्रश्न आला, तर फक्त आवाज किती चढला ते बघू नका. आमदारांनी आकडा कोणता मांडला, मंत्र्यांनी तारीख कोणती दिली आणि ती उलटल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला का, हे बघा. मिठाचा कर अडीच रुपयांचा एक रुपया व्हायला पाच वर्षं आणि तेवढीच चिकाटी लागली होती.